न्हाणीघरातील पंखा आणि तिसरी वायर



पावसाळा लागला की कोल्हापुरात न्हाणीघराची भिंत दिवाळीपर्यंत सुकत नाही. पोपडे सुटतात, बुरशी चढते, लाकडी दार फुगून बसते. आपल्या वस्त्यांत जुन्या मोरीला भिंती घालून, दार लावून न्हाणीघरे झाली, पण शेजारची भिंत लागून असल्यामुळे खिडकीला जागा उरली नाही. सबब एक्झॉस्ट पंखा आणला जातो. आणावाच. आमचे म्हणणे तो बसवण्याच्या रीतीबद्दल आहे.

प्रथम हिशेब. ४ फूट रुंद, ६ फूट लांब, ८ फूट उंच न्हाणीघरात १९२ घनफूट, म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा असते. ती तासाला दहा वेळा बदलायची तर ताशी ५५ घनमीटर पुरे. सहा इंची पंखा याहून कितीतरी जास्त हवा फेकतो, खोक्यावर आकडा छापलेला असतो. तेव्हा दुकानदार मोठा पंखा गळ्यात मारू लागला तर ऐकू नये. ३५ वॉटचा पंखा रोज दोन तास चालवला तर महिन्याला दोन युनिटे जळतात. मात्र दाराखाली बोटभर फट हवी. आत हवा यायला वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो.

पंखा दारासमोरच्या बाहेरच्या भिंतीत, उंचावर, अंगावरचे पाणी उडणार नाही असा बसवावा. बटण न्हाणीघराच्या बाहेर. बाहेरून झडप हवी, नाहीतर पाऊस मोटारीत येतो. आणि बोळात शेजारणीच्या स्वयंपाकघराकडे त्याचे तोंड करू नये, त्याचा झटका वेगळाच असतो!

आता खरी गोष्ट, अर्थिंगची. पंख्याची चौकट लोखंडी असेल तर तिसरी वायर जोडलीच पाहिजे. काही प्लास्टिकच्या पंख्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना ती लागत नाही. पण बोर्डावर तीन भोके दिसली म्हणजे अर्थिंग आहे असे समजू नये. जुन्या चाळींत आम्ही पाहतो, तिसऱ्या भोकामागे काहीच नसते. काही जण ती वायर नळाला बांधतात. पाइप मध्येच प्लास्टिकचा असेल तर करंट जमिनीत न जाता नळात उभा राहतो आणि नळ सोडणाऱ्याचा हात धरतो. न्यूट्रलला बांधणे त्याहून वाईट, कारण न्यूट्रल तुटली की पंख्याची चौकटच जिवंत होते. घरमालक ऐकत नसेल तर चार भाडेकरूंनी मिळून अर्थिंगचा एक खड्डा करून घ्यावा, खर्च वाटला जातो.

"आमच्याकडे एमसीबी आहे," असे पुष्कळ जण सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे. ओल्या अंगातून ३० मिलिअँपिअरहून जास्त करंट वाहू लागला की जीव धोक्यात येतो. ६ अँपिअरची एमसीबी त्याच्या दोनशेपट करंट बिनतक्रार जाऊ देते. माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. अर्थिंग बरोबर नसले तरी ती धक्का बसताच क्षणात पुरवठा तोडते. अर्थात म्हणून अर्थिंग टाळायचे नाही. नियमांत लहान जोडणीला आरसीसीबीची सूट मिळते, पण ती सूट घेऊ नये. पंख्याच्या रंगरूपावर चारशे रुपये जास्त घालण्यापेक्षा ते इकडे लावावेत.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांनी नवा पॉइंट काढण्याआधी जुनी वायरिंग मेगर लावून तपासून घ्यावी. पाइपातली वायर वरून कोरडी दिसते, आतले आवरण गेलेले असू शकते.

गॅस गिझर असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे. पंखा लावला म्हणून बंद न्हाणीघरातला गॅस गिझर सुरक्षित होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

काम कोणी करावे? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम २०१० साली आले व २०२३ साली नव्याने झाले. त्यांनुसार बिघडलेला पंखा काढून तसाच दुसरा लावण्यास हरकत नाही, परंतु नवा पॉइंट काढणे हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे व परवाना असलेल्या वायरमनचे काम आहे. परवाना दाखव म्हणण्यात संकोच नको. कळंब्याच्या आयटीआयमधून शिकून परवाना काढलेली मुले आपल्याच वस्त्यांत आहेत. त्यांना बोलवावे आणि "घरचाच आहेस" म्हणून त्यांची मजुरी कापू नये.

काम झाल्यावर वायरमन जाण्याआधी त्याच्यासमोर आरसीसीबीवरचे 'टी' लिहिलेले बटण दाबावे. खटका पडला पाहिजे. पुढे वीजबिल येईल त्या दिवशी दरमहा हे बटण दाबत जावे. खटका पडला नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे, आणि तोवर न्हाणीघरातले विजेचे काहीही चालू करू नये.