पडद्यावरचा भीम

मारधाडीच्या चित्रपटांविषयी आम्हांस कधीच ममत्व नव्हते. तरीही राजमौली यांचा २०२२ सालचा 'आरआरआर' आम्ही शेवटपर्यंत पाहिला. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, वन्य श्वापदांसह भीम गव्हर्नराच्या वाड्यात झेपावतो तेव्हा आमचेही भान हरपले. अस्वस्थता आली ती नंतर. इचोडा ज्या आदिलाबाद मुलखात वसले आहे, त्याच मुलखातील गोंडांचा कोमराम भीम प्रत्यक्षात लढला तो निजामाच्या राज्याशी. वनखात्याची दंडेली आणि हिरावलेली जमीन हे त्याच्या बंडाचे मूळ. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळ्यांनी त्याचा अंत झाला. पडद्यावर मात्र तो दिल्लीत इंग्रजांशी झुंजतो, आणि १९२४ मध्येच मारले गेलेले अल्लुरी सीताराम राजू त्याचे जिवलग मित्र होतात! कल्पनेस मुभा असावी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शत्रू बदलला की लढ्याचा अर्थही बदलतो. इंग्रज गेले, निजामही गेला. जमिनीचा प्रश्न उरलाच. एप्रिल १९८१ मध्ये याच मुलखात, इंद्रवेल्ली येथे, जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर स्वतंत्र भारताच्याच पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या प्रसंगावर इतका पैसा ओतून चित्रपट काढण्यास कोणता निर्माता धजेल?