सुतारकाम करणाऱ्यांनो, डोक्यावरची भुकटी आजच उतरवा!

फर्निचर कारखान्यांचे मालक, सुतार, पॉलिशवाले आणि सॉ मिल चालवणारे, सर्वांना कळकळीची विनंती.

आज शिडी लावून वर चढा. तुळई, ट्यूबलाइटची पट्टी, स्विचबोर्डचा माथा यांवरून बोट फिरवा. बोटाला पिठासारखी भुकटी लागली, तर ते स्फोटाचे इंधन आहे. मिलिमीटरभर थरही धोक्याला पुरतो.

रंध्याच्या ढलप्या जळतात, पण सावकाश. तेच लाकूड सँडरखाली घासले की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते. साधारण 500 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भुकटीचा दाट ढग एका ठिणगीने पेटू शकतो. कण जितका बारीक आणि कोरडा, तितका भडका जोरदार. एमडीएफ घासताना उडणारी धूळ याहून कितीतरी बारीक असते. बंदिस्त जागेत पहिला स्फोट लहान असला, तरी त्याच्या हादऱ्याने वरची भुकटी खाली येते आणि दुसरा स्फोट सारा कारखाना घेऊन जातो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात 2012 साली हेच घडले. जानेवारीत बर्न्स लेक आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथील सॉ मिल स्फोटात उद्ध्वस्त झाल्या. दोन्हीकडे दोन-दोन कामगार दगावले, कित्येक होरपळले. 2015 साली इंग्लंडमधील बॉस्ली येथे लाकडाची भुकटी बनवणाऱ्या गिरणीत चौघांचा बळी गेला.

म्हणून एवढे कराच:

• कॉम्प्रेसरच्या हवेने भुकटी उडवू नका. धुळीसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्या.
• सँडर, कटर, राऊटर यांना धूळ ओढणारी यंत्रणा जोडा. तिचे पाइप धातूचे ठेवा, त्यांना अर्थिंग द्या आणि धुळीची टाकी शेडबाहेर ठेवा.
• भुसा साठलेल्या जागी वेल्डिंग, ग्राइंडिंग, विडी-सिगारेट बंद.
• गरम होणारे बेअरिंग आणि उघड्या वायरी आजच दुरुस्त करा.
• भुसा धुमसत असेल तर झाडू किंवा जोराचा फवारा मारू नका, ढग उठेल. माणसे बाहेर काढा आणि 101 वर अग्निशमन दलाला बोलवा.

मालकांनो, सफाईचा वेळ कामाच्या तासांत धरा आणि त्याची मजुरी द्या. कारागिरांनो, वर थर दिसला तर यंत्र सुरू करण्याआधी तो काढायला लावा. ऑर्डर उद्या देता येईल, गेलेला माणूस परत आणता येणार नाही.