त्याला झालंय तरी काय?

जानेवारी १९८९ मधली गोष्ट. ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्याच फेरीत आपल्या रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला सरळ सेट्समध्ये हरवलं. विलँडर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता आणि त्या स्पर्धेचा गतविजेताही. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. रमेशची ती मऊ, बिनआवाजी फटकेबाजी, त्याचं ते संथ वाटणारं आणि तरीही समोरच्याला पळवणारं टेनिस, सगळ्याचं कौतुक करून झालं. एक प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही, मलाही नाही. समोरच्याला झालं होतं काय?

चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९८८ मध्ये, ह्याच विलँडरने अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात इव्हान लेंडलला पाच सेट झुंजवून हरवलं होतं. जवळजवळ पाच तास चाललेला सामना. त्या वर्षातलं त्याचं ते तिसरं ग्रँड स्लॅम. लेंडलला खाली खेचून पहिला क्रमांक घ्यायचा, हा त्याचा ध्यास होता. तो पुरा झाला. वय होतं चोवीस. त्यानंतर त्याने एकही ग्रँड स्लॅम जिंकलं नाही. इतकंच काय, पुन्हा कधी अंतिम फेरीतही दिसला नाही. पहिला क्रमांक टिकला जेमतेम वीस आठवडे. पुढे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितलं की, शिखरावर पोचल्यावर आतली ओढच संपली. हात शाबूत, पाय शाबूत आणि ओढ संपली. हे आपल्या पचनी पडत नाही.

विलँडर मला इतक्या वर्षांनी आठवला तो नोव्हाक जोकोविचमुळे.

५ जून २०१६ चा रविवार. पॅरिसमध्ये जोकोविचने अँडी मरेला हरवून फ्रेंच ओपन जिंकलं. त्याआधी तीनदा तो तिथे अंतिम सामना हरला होता. विंबल्डन, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन आणि आता फ्रेंच, चारही विजेतेपदं एकाच वेळी त्याच्या हाती आली. पुरुषांमध्ये हे ह्याआधी १९६९ साली रॉड लेव्हरने केलं होतं. मातीवर रॅकेटने बदामाची आकृती काढून तो तिच्यात उताणा पडला. आमच्या घरात तर दुहेरी आनंद होता, कारण दहा-बारा दिवसांपूर्वीच मुलीचा बारावीचा निकाल लागला होता आणि तिला हव्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळणार, हे नक्की झालं होतं. दोन वर्षं आमच्या घरी केबल बंद होती. पाहुण्यांना दबक्या आवाजात बोलायची सक्त ताकीद होती. त्या रविवारी टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता, हे अजून आठवतं.

महिनाही झाला नाही आणि विंबल्डनच्या तिसऱ्या फेरीत सॅम क्वेरी नावाच्या अमेरिकन खेळाडूने जोकोविचला घरी पाठवलं. म्हटलं, असतो एखादा दिवस. मग रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात डेल पोत्रोकडून हार. तो रडत कोर्टाबाहेर गेला. अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात वावरिंकाकडून हार. नोव्हेंबरात पहिला क्रमांक मरेकडे गेला. डिसेंबरात प्रशिक्षक बोरिस बेकरशी फारकत झाली आणि बेकर जाता जाता सांगून गेला की, शेवटच्या सहा महिन्यांत सराव पूर्वीसारखा होत नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात डेनिस इस्तोमिन ह्या ११७ व्या क्रमांकाच्या खेळाडूकडून दुसऱ्याच फेरीत पराभव. मे महिन्यात तर त्याने मरियन वायदासकट सगळा जुना चमूच मोडला.

मग सुरू झाली कारणमीमांसा. कुणी म्हणालं घरची भांडणं, कुणी म्हणालं ध्यानधारणेचं खूळ, कुणी म्हणालं पैसा जास्त झाला. जगभरचे पत्रकार एखाद्या लग्नघरातल्या आत्याबाईंसारखे कुजबुजत होते. पुढे कळलं की उजवं कोपर दीड वर्षापासून दुखत होतं. झालं, सापडलं कारण! पण हिशेब करून पाहा. जुलै २०१७ मध्ये टॉमस बर्डिचविरुद्धचा विंबल्डनचा सामना त्याने अर्धवट सोडला आणि दीड वर्षाची गोष्ट सांगितली. म्हणजे दुखणं २०१६ च्या आरंभापासूनचं. ह्याच कोपराने तो पॅरिसमध्ये जिंकला होता! कोपर खरं होतं, नाही असं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यावर शस्त्रक्रियाही झाली. पण ओढ असताना जे कोपर सहन होतं, तेच ओढ संपल्यावर असह्य होतं, असं मला वाटतं. दुखणं शरीराचं किती आणि मनाचं किती, हे वेगळं करून दाखवणारा तराजू अजून कुणी बनवलेला नाही.

हे शहाणपण मला आज सुचतंय. तेव्हा नव्हतं, कारण तेव्हा तसंच एक कोडं माझ्याच घरात बसलं होतं.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर मुलीने अभ्यास सोडला. म्हणजे कॉलेजला जायची, वह्या उघडायची, पण त्याच पानावर तासभर. पहाटे चारला गजराशिवाय उठणारी पोर दहा-दहापर्यंत पडून राहू लागली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. कुणी मोबाइलला दोष दिला. आणि मी? मी तिला आळशी म्हणालो. चांगलं चारचौघांत, तिच्या मावशीसमोर म्हणालो. पहिल्या वर्षी तिचे दोन विषय राहिले.

बर्डिचविरुद्धचा तो सामना ती माझ्या शेजारी बसून पाहत होती. जोकोविचने हस्तांदोलन केलं आणि तो बॅग उचलून निघाला. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, ‘‘सगळं मिळालं की असं होतं. खेळायलाच नको वाटतं.’’ तिने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, ‘‘बाबा, मग तुम्ही त्याला आळशी का नाही म्हणत?’’

मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो.

आपल्याकडे मुलांना चढायचं कसं हे शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. बारावी, प्रवेश, नोकरी, परदेश, प्रत्येक पायरीची फी ठरलेली. पण पोचल्यानंतरच्या सोमवारी सकाळी काय करायचं, ह्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो. ‘एकदा बारावी होऊ दे, मग काय हवं ते कर,’ हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल! बारावी झाली. काय हवं, हे तिला ठाऊक नव्हतं; शोधायला आम्ही वेळ कुठे दिला होता?

जोकोविचचं पुढे काय झालं, ते वाचकांना ठाऊक आहे. जून २०१८ मध्ये पॅरिसमध्ये चेक्किनातोकडून हरल्यावर तो इतका खचला होता की, विंबल्डन खेळेन की नाही सांगता येत नाही, असं म्हणाला. मग बायकोबरोबर फ्रान्समधल्या डोंगरांत पाच दिवस भटकला, सेंट व्हिक्टॉयर चढला, आणि महिनाभरात विंबल्डन जिंकला. हा डोंगराचा किस्सा सगळ्यांना फार आवडतो. मला त्याचा थोडा संशय आहे. उपांत्य सामन्यात नदालविरुद्धचा पाचवा सेट १०-८ असा सुटला. तिथे दोन चेंडू इकडचे तिकडे झाले असते, तर त्या डोंगराचं नाव आज कुणी घेतलं नसतं. जुना प्रशिक्षक वायदा एप्रिलमध्येच परतला होता, कोपर बरं होत होतं, आणि मुख्य म्हणजे हरून हरून पुन्हा भूक लागली असावी. पुढे त्याची चोवीस ग्रँड स्लॅम झाली, २०२४ मध्ये ऑलिंपिक सुवर्णही मिळालं. विलँडरचं तसं झालं नाही. तो सातवर थांबला. म्हणून तो कमी पडला, असं आता म्हणवत नाही.

आमच्याकडेही डोंगर वगैरे काही आला नाही. मुलीने राहिलेले विषय सोडवले, मधल्या फळीतले गुण मिळवत राहिली. पहिला नंबर पुन्हा कधी आला नाही. खरं सांगायचं तर ह्याची चुटपुट मला अजून लागते आणि ते तिला कळतं.

जानेवारी २०१९ मध्ये तिनेच मला ओढून बालेवाडीला नेलं. महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना होता, केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. दोघेही साडेसहा फुटांहून उंच, सर्व्हिस तोफेसारखी, तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये. ह्याच अँडरसनला हरवून जोकोविचने विंबल्डन परत मिळवलं होतं. इथे मात्र अँडरसन जिंकला. टाळ्या थांबल्यावर तिने विचारलं, ‘‘बाबा, हा उद्या सकाळी उठून काय करेल हो?’’

‘‘झोपेल,’’ मी म्हणालो.

ती हसली. मग बाणेरच्या गर्दीत अर्धा तास अडकलो.