एका डिस्कचे दोन कप्पे



मागच्या आठवड्यात नांदेडला नणंदेकडे गेले होते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, ओटा आवरला आणि ताईंनी कपाटातून एक खोकं काढून माझ्यापुढं ठेवलं. नवीकोरी हार्ड डिस्क, एक टीबीची, वायरनं बाहेरून जोडायची. म्हणाल्या, "वहिनी, दुकानदार म्हणाला ह्याचे दोन भाग करून घ्या. एकात बॅकअप, दुसऱ्यात जास्तीचं सामान. म्हणजे सगळं सुरक्षित. तुम्हाला येतं ना करायला?"

येतं. पण मी लगेच हो म्हटलं नाही. दोन भाग जरूर करावेत, माझा त्याला विरोध नाही. मात्र दोन भाग केले म्हणजे दोन प्रती झाल्या, हा जो समज घरोघर पसरलाय ना, तो मला कुणाच्याही घरी राहू द्यायचा नाही. माझ्या घरी तो होता आणि त्याची किंमत आम्ही मोजली.

माझ्या सासूबाई रोज पहाटे भक्तामर म्हणायच्या. 48 च्या 48 श्लोक, पुस्तक न उघडता. मधेच एखाद्या श्लोकाला त्यांची स्वतःची वेगळी चाल असायची, ती त्यांना त्यांच्या आजीकडून आलेली. शेवटच्या वर्षी आवाज थकायला लागला तेव्हा मी रोज थोडं थोडं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं. पुढं मोबाइल भरला. मग सगळं लॅपटॉपवर घेतलं, लॅपटॉपही भरला, मग हार्ड डिस्क आणली. दुकानात तिचे दोन भाग करून मिळाले. एका भागाला मी नाव दिलं 'बॅकअप', दुसऱ्याला 'घर'. आणि अतिहुशारी बघा, सासूबाईंची रेकॉर्डिंगं मी दोन्ही भागांत ठेवली. दोन प्रती झाल्या म्हणून निर्धास्त होऊन मोबाइलवरून आणि लॅपटॉपवरून पुसून टाकली.

त्या गेल्यानंतर चौथ्या महिन्यात केर काढताना वायर पायात अडकली आणि डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. जोडून बघितली तर आतून घड्याळासारखा टक टक आवाज. 'बॅकअप' दिसेना, 'घर'ही दिसेना.

आता समजून सांगते, कारण हे त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्कच्या आत गोल तबकड्या असतात, त्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून केसापेक्षाही कमी अंतरावर एक वाचणारी सुई फिरत असते. (इंजिनिअर लोक तिला हेड म्हणतात, माझ्या डोळ्यांसमोर ग्रामोफोनची सुई येते.) आपण जे भाग पाडतो, ते म्हणजे त्या तबकडीवर मारलेली नुसती खूण असते. इथून इथपर्यंत पहिला, तिथून पुढं दुसरा. भिंत नसते. तबकड्या त्याच, सुई तीच, वायर तीच. लोखंडी कपाटाला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा असतो, तसंच हे. कपाट जळालं तर कुठल्या कप्प्यात काय ठेवलं होतं याला काय अर्थ?

पुण्याला एका ठिकाणी डिस्क पाठवली. पैसे बरेच गेले. फोटो पुष्कळसे परत आले, शेतीची कागदपत्रं आली, सासूबाईंची रेकॉर्डिंगं आली नाहीत. फायलींची नावं तेवढी दिसत होती, उघडली की नुसती खरखर. हे म्हणाले, जाऊ दे, आईंचा आवाज मनात आहे. माझ्या मनात आहे, पण माझ्या नातीच्या मनात कुठून येणार?

आपल्या लातूरकडच्या बायकांना तरी हे नव्यानं सांगायची गरज पडू नये. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, दशलक्षण पर्वाची सांगता, अनेकींचा उपवास. गावागावांत रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. माझं माहेर औसा तालुक्यातलं. आमचं माळवदाचं घर, दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती. अशा घरांचीच छतं माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून हजारो माणसं गेली. आमच्या घरातली माणसं वाचली, त्या दिवशी त्याहून मोठं काही नव्हतंच. पण आईची पेटी ढिगाऱ्याखाली गेली. त्यात शेतीचे कागद, सोन्याच्या पावत्या, आईबाबांच्या लग्नाचे फोटो, सगळं एकाच पेटीत. पेटीलासुद्धा आतून कप्पे होते बरं का! एक कागदांचा, एक दागिन्यांचा.

आज आमच्याकडे आईबाबांच्या लग्नाचा एक फोटो आहे. तो नांदेडच्या मावशीकडे होता म्हणून. मावशीनं काही जपणूक वगैरे म्हणून ठेवला नव्हता, तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, फोडणीच्या वाफेनं पिवळा पडलेला. तो वाचला, कारण तो दुसऱ्या गावात होता.

मैत्रिणींनो, बॅकअप हा शब्द आपल्याला नवा असेल, पण ही काळजी आपल्या समाजाइतकी जुनी कुणाची असेल असं मला वाटत नाही. धरसेन आचार्यांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत आणि भूतबली यांना बोलावून का शिकवलं? ज्ञान एकाच्याच स्मरणात उरलं तर त्याच्याबरोबर जाईल, ही भीती होती. त्यातून षट्खंडागम लिहिला गेला आणि तो पूर्ण झाला ती ज्येष्ठ शुद्ध पंचमी आपण श्रुतपंचमी म्हणून पाळतो. पुढचं अनेकींना ठाऊक नसतं. त्यावरची धवला टीका शेकडो वर्षं कर्नाटकात मूडबिद्रीला ताडपत्रांवर होती, जुन्या कानडी लिपीत. दर्शन व्हायचं, वाचायला मिळत नसे. जपणूक केली म्हणूनच ती टिकली, हे खरं. पण एका जागी जपलेल्या वस्तूला कीड लागली की सगळं एकदम जातं. विसाव्या शतकात नकला बाहेर आल्या आणि 1939 पासून प्रा. हीरालाल जैन यांनी आपल्या अमरावतीहून धवला छापायला सुरुवात केली.

आणि मग शांतिसागर महाराज. ताडपत्रांची काही पानं किडीनं खाल्ली, हे कळल्यावर त्यांना चैन पडेना. त्यांच्या प्रेरणेनं हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ते ताम्रपट फलटणला आहेत. ज्या कुंथलगिरीला आपण लातूरहून जाऊन येतो, तिथंच महाराजांनी 1955 च्या सप्टेंबरमध्ये सल्लेखनेनं देह ठेवला. आता हिशेब मांडा. मूडबिद्रीला ताडपत्र, फलटणला तांबं, घरोघर छापील कागद. तीन तऱ्हेच्या प्रती, वेगवेगळ्या गावांत. संगणकवाले हल्ली हेच सांगतात: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मूडबिद्रीच्याच ताडपत्रांचे दोन गठ्ठे करून एकाच कपाटात वर-खाली ठेवले असते, तर त्याला आपण जपणूक म्हटलं असतं का?

मग दोन भाग करायचेच कशाला, असं ताईंनी विचारलं. रास्त प्रश्न आहे.

दोन भाग करायचे ते शिस्तीसाठी. सुरक्षेसाठी नाही. एकच मोठी मोकळी जागा दिली की आपण काय करतो? लग्नाचे व्हिडिओ, मालिका, नातवंडांची कार्टूनं, सकाळ-संध्याकाळचे शुभेच्छांचे फोटो, सगळं ओततो, आणि खऱ्या बॅकअपची वेळ आली की 'जागा नाही' अशी पाटी येते. भाग पाडलेला असला की जास्तीचं सामान आपल्या हद्दीत राहतं. हे आपलं परिग्रह परिमाणच आहे की. आधी मर्यादा ठरवायची, मग सामान आणायचं. बॅकअपचा भाग किती मोठा ठेवावा? लॅपटॉपवर आज जेवढं भरलेलं आहे त्याच्या दुप्पट धरा, कारण बॅकअपचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्त्याही ठेवतो. ताईंचं दोनशे जीबी भरलं होतं, आम्ही चारशे दिली. राहिली पाचशे तीस. एक टीबी म्हणजे हजार हवी होती, कमी कशी, दुकानदारानं फसवलं, असं ताई म्हणायला लागल्या. फसवलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या पटीत, म्हणून एक टीबी 931 दिसते.

करणं अवघड नाही. विंडोजमध्ये स्टार्टवर उजवी कळ दाबली की 'डिस्क मॅनेजमेंट' येतं, त्यात आपली डिस्क नीट ओळखायची (जीबी बघून ओळखा, नुसत्या अक्षरावर जाऊ नका), 'श्रिंक व्हॉल्यूम'नं जागा मोकळी करायची आणि त्या मोकळ्या जागेत नवा भाग करायचा. एक मेख आहे. श्रिंक फक्त एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर चालतं. ताईंची डिस्क एक्सफॅट पद्धतीची निघाली, तिचा भाग आधी पुसावाच लागला. कोरी होती म्हणून बरं. म्हणून सांगते, भाग पाडायचे तर डिस्क आणल्या दिवशी पाडा, सामान भरण्याआधी. भरलेल्या डिस्कवर हे काम करताना 'डिलीट' आणि 'फॉरमॅट' हे दोन शब्द दिसले की हात मागं घ्या आणि आतलं आधी दुसरीकडं उतरवा. आणि जुनी फॅट 32 पद्धत निवडू नका, तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथंच अडतो.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, कायम जोडलेली नको. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही तो सोडत नाही, मग कितीही भाग असोत.

'हे सगळं क्लाउडवर टाकलं की झालं' असं चिरंजीव म्हणतात. टाका की. पण फुकटची जागा 15 जीबी, आणि दोन वर्षं खातं उघडलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं. आपल्यातल्या किती घरांत पासवर्ड एकट्या मुलाला ठाऊक असतो, आणि मुलगा हिंजवडीत! क्लाउड तिसरी प्रत म्हणून चांगला, पहिली म्हणून नको.

आणि हे काम मुलावर, जावयावर सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. घरात पापड कुठल्या डब्यात, कुणाचं वर्षश्राद्ध कधी, कुणाच्या लग्नात किती आहेर आला, हे आपल्याला पाठ असतं. मग घरातले आवाज आणि फोटो कुठं आहेत, किती प्रती आहेत, हे कसं ठाऊक नाही? कुठलं जपायचं हे मुलाला कळत नाही. तो मोठ्या फायली बघतो. सासूबाईंचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्याच्या लेखी दोन एमबी असतं.

ताईंच्या डिस्कचं असं ठरलं. तिच्या बॅकअपच्या भागात ताईंचं घर, आणि दुसऱ्या भागात एक फोल्डर आमच्या घराचं. माझ्या नव्या डिस्कवर आमचं घर, आणि एक फोल्डर ताईंचं. म्हणजे नांदेडचं लातूरला, लातूरचं नांदेडला. दरवर्षी श्रुतपंचमीला आपण शास्त्रं बाहेर काढतो, ऊन दाखवतो, वेष्टनं बदलतो. त्याच दिवशी दोघींनी डिस्क जोडायची आणि नुसती यादी बघायची नाही, दहा-वीस फायली उघडून बघायच्या. मी यादीच बघत बसले होते.

निघताना ताईंनी त्यांचा जुना मोबाइल आणला, काच तडकलेला. त्यात सासूबाईंचं एक रेकॉर्डिंग सापडलं, कधीतरी मीच पाठवलेलं आणि विसरलेलं. भक्तामरचे तीन श्लोक. चौथा सुरू होतो आणि मधेच थांबतो, मग सासूबाईंचा आवाज येतो, "अगं, दूध बघ, उतू चाललंय." ते आम्ही त्याच रात्री दोन्ही डिस्कवर उतरवलं. चिरंजीवांना सांगून क्लाउडवरही टाकलं.