मुलाचा वांटा

दिवाळी सरली, कीं कुर्डुवाडीच्या आसपासच्या शिवारांत ऊंसतोडीच्या टोळ्या उतरूं लागतात. उजनीचें पाणी माढा तालुक्यांत खेळूं लागल्यापासून येथें ऊंस वाढला, आणि बीडकडील कोरडवाहू गांवांतून तोडीस येणारीं कुटुंबेंही वाढलीं. नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या वहींत ‘एक कोयता’ म्हणतात. त्या हिशेबांत मूल नसतें. पालावर मात्र तें असतें. धाकट्या भावंडास कडेवर घेऊन वाढ्यांच्या मोळ्या बांधीत असतें, आणि त्याच वेळीं त्याच्या गांवच्या शाळेंत हजेरी चालू असते.

पालकहो, त्यास गांवीं आजीपाशीं ठेवावें, तर चार-पांच महिन्यांचें धान्य, तेलमीठ व वह्या कोठून यावयाच्या? मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा पावसाळ्यांतच संपलेली असते.

सरकार कांहींच करीत नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, ती चांगलीच. बालसंगोपन योजनेंत, आईबापांपैकीं एक वा दोघेही गमावलेल्या अथवा तशाच संकटांतील मुलामागें सन २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये ठरले आहेत. त्याच वर्षीच्या ‘लेक लाडकी’ योजनेंत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरीं जन्मलेल्या मुलीस टप्प्याटप्प्यानें १,०१,००० रुपये. पैकीं ७५,००० ती अठरा वर्षांची झाल्यावर. सन २०२४ मध्यें ‘लाडकी बहीण’ योजनेनें पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये जाऊं लागले.

तथापि पहिलीस आधीं संकट लागतें. दुसरीची मोठी रक्कम पोरीचें बालपण सरल्यावर हातीं पडते, आणि मुलगा तींत धरलाच जात नाहीं. तिसरींत एका मुलाची आई व चार मुलांची आई सारखीच. ज्याचे आईबाप हयात आहेत, धडधाकट आहेत, पण गरीब आहेत, तें मूल या तिहींच्या मधून निसटतें.

इंग्लंडांत हा प्रश्न एलिनॉर राथबोन या बाईंनीं वर्षानुवर्षें लावून धरिला. मजुरी ठरतांना घरांत खाणारीं तोंडें किती हें कोणी पाहत नाहीं, हा त्यांचा मुद्दा. सन १९४५ सालीं कायदा झाला व दुसऱ्या मुलापासून पुढें प्रत्येकामागें आठवड्यास पांच शिलिंग ठरले. मूळ मसुद्यांत ही रक्कम बापाची धरिली होती. बाईंनीं हट्ट धरिला, तेव्हां ती आईची झाली.

फुकटचा पैसा माणसास आळशी करितो, असें कोणी म्हणतील. ऐन थंडींत पहांटे फडांत उभ्या राहणाऱ्या बाईस आळसावर व्याख्यान देण्याचें धैर्य मजपाशीं तरी नाहीं! दारूची भीति मात्र खरी आहे, म्हणूनच पैसा घरच्या बाईच्या खात्यांत हवा.

सर्वच मुलांस एकदम देणें खजिन्यास झेपणार नाहीं, हेंही मान्य. मग प्रारंभ येथून व्हावा: आईबाप तोडीस गेले व मूल गांवच्या शाळेंत राहिलें, तर हंगाम संपेपर्यंत त्याचा वांटा दरमहा त्यास सांभाळणाऱ्या आजीच्या वा मावशीच्या हातीं पडावा. किती द्यावयाचें, यासाठीं नवी समिती नको. २,२५० रुपयांचें माप सरकारनें स्वतःच घालून ठेविलें आहे.