टोमॅटोवरील विषाणुरोग व फवारणीवरील आपला विश्वास

टोमॅटोचे पान आकसले किंवा फळ पिवळे राहिले, की शेतकरी पाठीवर पंप चढवितो आणि गावपातळीवरील आपला कार्यकर्ता औषधाचे नाव व प्रमाण सांगून मोकळा होतो. परभणी जिल्ह्यात ही रीत चांगलीच रुळली आहे. विषाणुरोगांच्या बाबतीत तिच्यावर होणारा खर्च बव्हंशी वाया जातो. ती बदलण्याची जबाबदारी शेतकऱ्यापेक्षा आपल्या खात्यातील माणसांवर अधिक आहे, असे माझे मत आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात पुणे, सातारा व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या भागांत टोमॅटोची फळे सारखी पिकेनाशी झाली. एकाच फळावर हिरवा, पिवळा व तांबडा असे रंग दिसू लागल्याने लोकांनी त्या रोगास ‘तिरंगा’ म्हटले. कोणी बियाण्यास दोष दिला, कोणी हवामानास. हा रोग माणसास होतो अशी अफवाही उठली. वस्तुतः वनस्पतींचा असा विषाणू माणसास बाधत नाही. बेंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. हे संकट आपल्या जिल्ह्याबाहेरचे खरे, परंतु हा विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो आणि त्यास जिल्ह्याची सीमा ठाऊक नाही.

हा विषाणू मावा पसरवितो. रोगट झाडावर सोंड टेकताच काही सेकंदांत तो मावा विषाणू घेतो आणि तितक्याच त्वरेने पुढच्या झाडास देतो. औषधाने मावा मरतो, नाही असे नाही. परंतु तो मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. याउलट, मावा मध्येच दुसऱ्या पिकावर बसला, तर त्याच्या सोंडेवरील विषाणू तेथेच पुसला जातो. म्हणून टोमॅटोच्या लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे शेताच्या चारही बाजूंस ज्वारी किंवा मक्याच्या दोन-तीन ओळी दाट पेराव्यात. मराठवाड्यातील शेतकऱ्यास ज्वारी पेरण्यास शिकवावे लागत नाही. ती टोमॅटोभोवती कशासाठी पेरावयाची, एवढेच पटवून द्यावयाचे आहे. बांधावरील तण हेही विषाणूचे घर असते, हे त्याच वेळी सांगावे.

पर्णगुच्छ किंवा बोकड्या रोगाची गोष्ट निराळी आहे. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. या माशीस विषाणू घेण्यास अधिक वेळ लागतो, पण एकदा घेतला की ती अनेक दिवस तो वाहत राहते. आपल्याकडे टोमॅटोच्या शेजारी बहुधा कपाशी, वांगी किंवा भेंडी उभी असते, आणि पांढरी माशी या सर्वांवर वाढते. रोप लहान असताना लागण झाली, तर झाड खुरटते व त्यास फळ जवळजवळ धरत नाही. उशिरा झाली, तर नुकसान पुष्कळ कमी असते. खरा सामना म्हणून रोपवाटिकेतच होतो. गादीवाफ्यावर बी पेरल्या दिवसापासून सुमारे २५ दिवस रोपे बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीखाली ठेवावीत. जाळी एकदा घेतली की अनेक हंगाम टिकते. तिच्या किमतीची तुलना शेतकऱ्याने गेल्या हंगामातील औषधांच्या बिलाशी स्वतःच करून पाहावी.

रोगप्रतिकारक बियाणे असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येतो. संशोधनाची प्रगती मोठी आहे, यात शंका नाही. २०१२ साली टोमॅटोच्या बाराही गुणसूत्रांची जनुकीय रचना प्रसिद्ध झाली. त्या कार्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. बेंगळुरूच्या उपर्युक्त संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तीन रोगांस प्रतिकार करतो. परंतु तीन म्हणजे सर्व नव्हेत. चिली व पेरू देशांतील रानटी टोमॅटोपासून काही वाणांत आणलेले एक जनुक पर्णगुच्छाच्या विषाणूस दाबून धरते. हॉलंडमधील संशोधकांनी २०१४ साली असे दाखविले, की त्याच झाडास काकडीवरील मोझॅक विषाणूची लागण झाली तर या जनुकाचा प्रतिकार ढासळतो. बियाण्याच्या पाकिटावर ‘प्रतिकारक’ हा शब्द वाचून जाळी व ज्वारी सोडून देणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

प्रत्येक पिवळे फळ रोगाचेच असते असेही नाही. फळास तांबडा रंग देणारे द्रव्य ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही. पिवळा रंग मात्र तयार होत राहतो. परभणीस मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी फळ पिवळट राहिले तर त्यावर कोणतेही औषध नाही. रंग फिरू लागताच फळ तोडून थंड, हवेशीर सावलीत पिकविणे हाच उपाय. उन्हाळ्यात भाव चढा मिळतो म्हणून लागवड होते. शेतकऱ्याचा तो हिशेब मी चुकीचा म्हणणार नाही. तथापि ज्याच्याकडे जाळी नाही व सावलीची जागा नाही, त्यास रब्बीतच लागवड करण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे.

शेतात गेल्यावर कार्यकर्त्याने प्रथम औषधाच्या वहीस हात लावू नये. रोप कोठून आणले, शेजारी कोणते पीक आहे, लक्षणे सर्व शेतात एकदम दिसली की एका कडेपासून पसरली, हे विचारावे. संशय राहिला तर रोगट पाने व फळे कागदात गुंडाळून, गाव, वाण व लागवडीची तारीख लिहून परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठवावीत. हे विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दाराशी उभे आहे. नमुना ताजा पोहोचावा. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस कुजलेल्या पानावरून कोणासही काही सांगता येत नाही.