पक्षी ओळखायला कोणतं पुस्तक?
दुकानात नवा पक्षीनिरीक्षक हमखास छायाचित्रांच्या पुस्तकाकडे वळतो. छायाचित्रं देखणी असतात, पण प्रत्येकात एकच पक्षी, एकाच उजेडात आणि बहुधा विणीच्या झगमगीत पिसाऱ्यातला नर असतो. जांभळ्या शिंजिराचं उदाहरण घ्या. विणीच्या काळात निळाजांभळा चमकणारा हा नर नंतर जवळजवळ मादीसारखा दिसतो. पिवळट पोटावर मधोमध एक काळसर पट्टा तेवढा उरतो. नर, मादी, पिल्लू आणि विणीबाहेरचा पिसारा शेजारी शेजारी रंगवलेले नसतील, तर पुस्तक नेमकं गरजेच्या वेळी मुकं होतं. म्हणूनच १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी चित्रांतल्या नेमक्या खुणांकडे रेघांनी बोट दाखवलं, ती पद्धत आजही मोलाची आहे. दुसरी कसोटी नकाशाची. राखी धनेश आणि मलबारी राखी धनेश यांच्यात गोंधळ झाला, तर चोचीवरचं शिंग पाहावंच (मलबारी धनेशाला ते नसतं), पण दुसरा फक्त पश्चिम घाटातला, हे नकाशा क्षणात सांगतो. सलीम अलींचं १९४१ चं पुस्तक पक्ष्यांची गोडी लावायला आजही उत्तम. रानात मात्र ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं पुस्तक न्यावं, कारण त्यात चित्रं, वर्णन आणि नकाशा समोरासमोर सापडतात. रासमुसेन व अँडरटन यांचे दोन खंड अभ्यासाला अनमोल आहेत. आवाजांचे आलेखही त्यांत आहेत. त्यांची जागा मात्र घरच्या टेबलावर.